रात्री साडेअकराला पाच हजार: ठाण्यातल्या एका बचत गटाचं प्रकरण

ठाण्यात वागळे इस्टेट आणि लोकमान्य नगरच्या मधल्या वस्तीत चौदा बायकांचा एक बचत गट आहे. २०२४ च्या जुलैत त्यातल्या एका घरावर अपघाताचं संकट आलं, आणि पुढचे चार महिने त्या घराची ओढाताण गटाच्या वहीत उमटत गेली. बचत गटांच्या कामात अशा अडचणी नेहमी कानावर येतात, पण पै-पैचा हिशोब क्वचितच हाती लागतो. इथे तो लागला, कारण गटाच्या सचिव वही नेमाने लिहितात आणि त्या घरातल्या बाईंनी आपली खर्चाची डायरी मला मोकळ्या मनाने दाखवली. नावं लिहीत नाही. गटातल्या सगळ्याजणी त्यांना वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते.

घर मूळचं संगमेश्वर तालुक्यातलं. नवऱ्याची स्वतःची रिक्षा, ठाणे स्टेशन ते लोकमान्य नगर अशी शेअरची लाइन. गॅसचा खर्च वजा जाता महिन्याला साधारण १७ हजार हातात. वहिनी एका पोळीभाजी केंद्रात दोन्ही वेळा पोळ्या लाटतात, त्यांचे ७ हजार. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. खोली भाड्याची, भाडं ४,५००.

हप्ते तीन. रिक्षाचा ६,८००. छोटी विनातारण कर्जं देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीचा २,३५०. आणि गटाचा १,८००, कारण जूनमध्ये मुलीच्या क्लाससाठी आणि शाळेच्या खर्चासाठी त्यांनी गटातून १५ हजार उचलले होते. एकूण १०,९५०. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. २४ हजारांच्या कमाईत हे घर त्या नियमात बसत होतं. कागदावर सगळं ठीक होतं, आणि रोजच्या जगण्यातही ठीकच होतं. कोणाचा हप्ता चुकला नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, भर पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि रिक्षा कलंडली. प्रवासी नव्हते हे नशीब. चालकाचा उजवा पाय खाली सापडला, नडगीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी उचलून जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे भरती करून घ्यायला २० हजार अनामत मागितली.

वहिनींनी पहिला फोन गटाच्या खजिनदारांना केला. दीर संगमेश्वरला, भाऊ चिपळूणला. दोघांकडेही रात्रीच्या रात्री पैसे निघणार नव्हते. खजिनदार दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांच्या कपाटात गटाचा एक स्टीलचा डबा असतो आणि त्यात नेहमी ५ हजार रोख असतात. साडेअकराला ते पैसे नर्सिंग होममध्ये पोहोचले. तोवर सचिवांनी गटातल्या बायकांना फोन लावले होते. कोणी हजार, कोणी दोन हजार, असे ११ हजार हातउसने जमले. काही मोबाइलवरून आले, काही नोटा कोणाच्या तरी मुलाच्या हातून. रिक्षा स्टॅण्डवरच्या मित्रांनी ४ हजार घातले. वीस पुरे झाले.

या डब्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

गट २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. बैठक दर महिन्याच्या १० तारखेला रात्री आठ वाजता, कारण तोवर बहुतेकींचे पगार झालेले असतात. बचत दरमहा २०० रुपये. महापालिकेमार्फत नागरी उपजीविका अभियानाचा १० हजारांचा फिरता निधी, म्हणजे गटाने आपसात कर्जाने फिरवायची रक्कम, एकदाच मिळाला. बाकी सगळा पैसा बायकांचा स्वतःचा, आणि त्यावर आलेलं व्याज. व्याज दरमहा दोन टक्के, शिल्लक मुद्दलावर. ते गटाच्याच खात्यात जमा होतं.

मग २०२० चा मार्च आला. रिक्षा बंद, धुण्याभांड्याची कामं बंद, वागळेतली युनिटं बंद. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला बँकांना हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, ती नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पण घरात रोख लागते ती त्याच आठवड्यात लागते. गटाची तेव्हाची चार वर्षांची बचत १ लाख ३४ हजारांच्या घरात होती, आणि तिच्यातली बहुतेक सगळी कर्जरूपाने बायकांकडेच फिरत होती. मागायला चौदाजणी आणि परत करायला एकही नाही. एकीचं घर अडलं तर तेराजणी उभ्या राहतात, चौदाही अडल्या की गटाचे हात बांधले जातात. सहा महिने बचत थांबली. बँकेत जी थोडी शिल्लक होती ती सारखी वाटून घेतली, आणि ती महिनाभरही पुरली नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये गट पुन्हा बसला तेव्हा गटातल्या सर्वांत वडील मावशींनी एक आग्रह धरला: बचत ३०० करा, पण त्याशिवाय दर महिन्याला प्रत्येकीने २० रुपये वेगळे टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. त्याला नाव पडलं अडीनडीचा निधी. ठराव वहीत आहे. आजारपण, अपघात, मृत्यू किंवा घर पडणं, एवढ्याच कारणांसाठी पैसे. एका घराला जास्तीत जास्त १० हजार. बैठकीची वाट न बघता तीन पदाधिकाऱ्यांपैकी दोघींनी हो म्हटलं की द्यायचे. व्याज नाही. ५ हजार रोख खजिनदारांच्या घरी, बाकी बँकेत. २०२४ च्या जूनपर्यंत त्यात १२,६०० रुपये साठले होते. मधल्या काळात दोनदा थोडे थोडे दिले गेले होते आणि पूर्ण परतही आले होते.

आम्ही प्रशिक्षणात गटांना पंचसूत्री शिकवतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख नोंदी. ती योग्यच आहे. पण तिच्यातून एक सवयही लागते, की गटाचा पैसा पडून राहता कामा नये, आला की कर्जाने गेला पाहिजे. ठाण्यातल्या कुठल्याही गटाची वही जुलैत उघडून बघा. जूनमध्ये शाळा, वह्या-पुस्तकं, क्लासची फी. मग गणपतीची तयारी, गावाला जाण्याचं भाडं, गावच्या घराची डागडुजी. पावसाळ्यात आजारपण आणि अपघात सगळ्यांत जास्त, आणि नेमकं तेव्हाच गटाचं खातं रिकामं. ही अडचण प्रत्येक वर्षी ठरलेल्या वेळी येते, म्हणून तिची तरतूदही उन्हाळ्यातच व्हायला हवी. वेगळ्या ठेवलेल्या छोट्या रकमेला पडून राहिलेला पैसा म्हणणं मला चुकीचं वाटतं.

वहिनी एका भिशीतही होत्या. पण त्यांचा नंबर मार्चमध्येच लागून गेला होता. आता फक्त भरायचे होते. भिशी वाईट नाही, तिच्यातून लग्नं झाली आहेत, फ्रिज आले आहेत. पण तिचा पैसा चिठ्ठी निघेल तेव्हा मिळतो, पाय मोडेल तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सिंग होमने ऑपरेशन करून सळी टाकण्याचा ८५ हजारांचा अंदाज दिला. इथे गटातल्या एका बाईने मोलाचं काम केलं. तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन पूर्वी सरकारी योजनेतून झालं होतं, त्यामुळे कागद कुठले लागतात हे तिला माहीत होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये दीड लाखांच्या मर्यादेने सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. तिने रेशनकार्ड, आधार, आधीचे एक्स-रे एका पिशवीत भरले आणि नवऱ्याला नर्सिंग होममधून काढून सार्वजनिक रुग्णालयात न्यायला वहिनींना तयार केलं. दोन रात्रींचं बिल १६,५०० झालं, अनामतीतले ३,५०० परत मिळाले. ऑपरेशन पुढे जवळजवळ खर्चाविना झालं.

म्हणजे उपचाराचा मोठा भार टळला. तरीही हे घर बुडू शकलं असतं, आणि हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. योजना ऑपरेशनचे पैसे देते, बुडालेल्या कमाईचे देत नाही. रिक्षाच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा होता, पण तो मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये कापले जात होते, तिचंही तसंच. जोडलं जाणारं हाड यातल्या कुठल्याच विम्यात बसत नाही. रिक्षाचा विमा फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता, त्यामुळे दुरुस्तीचे ९ हजारही घरचेच. डॉक्टरांनी साडेतीन-चार महिने रिक्षा चालवायची नाही असं सांगितलं. कमाई २४ हजारांवरून ७ हजारांवर आली, आणि हप्ते होते तेवढेच राहिले.

१० तारखेची बैठक नेहमीप्रमाणे झाली. वहिनी दवाखान्यातून थेट आल्या. एका घराच्या मर्यादेतले उरलेले ५ हजार त्यांना निधीच्या बँकेतल्या पैशांतून आधीच मिळाले होते. रुग्णवाहिका, औषधं, वॉकर यात ते गेले होते. आता त्यांनी २५ हजारांचं कर्ज मागितलं. नियमाप्रमाणे स्वतःच्या बचतीच्या दुप्पट कर्ज मिळतं. त्यांची बचत २३,१००, म्हणजे मर्यादा ४६,२००. जूनचे १५ हजार धरून नव्या कर्जासह ४० हजार होत होते, मर्यादेत बसत होते. प्रश्न गटाकडच्या रोखीचा होता. त्या दिवशी बचत ४,२००, मुद्दलाची वसुली २१ हजार, व्याज ५,६०० आणि खात्यावरची शिल्लक १,९०० मिळून ३२,७०० जमले. आधीपासून आणखी दोघींचे अर्ज होते. एकीला गणपतीला गावच्या घराला रंग काढायला २० हजार हवे होते, दुसरीला मुलाच्या आयटीआयच्या खर्चाला १२ हजार.

त्या बैठकीत पहिल्यांदा खणखणीत वाजलं. पदाधिकाऱ्यांनी निधीतले दहाच्या दहा हजार दिले, मग आता बाकीच्यांनी काय करायचं, असं एकीने विचारलं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निधीत आता २,६०० उरले होते आणि पावसाळा अर्धाही सरला नव्हता. सचिवांनी ठराव वाचून दाखवला. बोलाचाली बराच वेळ चालली. रंगासाठी पैसे मागणाऱ्या बाई गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "रंग काय, पुढच्या वर्षी काढीन. भिंती कुठे पळतायत? वहिनीला द्या." आयटीआयवाल्या बाईंनी साडेसात हजारांवर भागवलं. वहिनींना २५ हजार मंजूर झाले, आणि त्याहून महत्त्वाचा ठराव म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत मुद्दल माफ नाही पण स्थगित. महिन्याचं व्याज ८०० तेवढं भरायचं.

त्या पैशांचं वहिनींनी काय केलं ते मी डायरीतून तसंच उतरवते. सगळ्यांत आधी ९ हजार गॅरेजला. मला वाटलं होतं त्या आधी उसने फेडतील. पण त्यांचा विचार पक्का होता. रिक्षा उभी राहिली की ती फक्त हप्ता खाते. दुरुस्त करून बॅजवाल्या, म्हणजे प्रवासी रिक्षा चालवायचा परवाना असलेल्या, दुसऱ्या चालकाला शिफ्टवर दिली की दिवसाला ३५० आणून देते. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर ९,१००. रिक्षाचा हप्ता त्यात निघतो आणि वर थोडे उरतात. नर्सिंग होमचे ३,५०० आणि कर्जातले ७,५०० मिळून बायकांचे ११ हजार आठवड्याभरात परत. स्टॅण्डवरच्यांनी आपले ४ हजार दिवाळीपर्यंत घेतलेच नाहीत. हातात उरले ८,५००.

ऑगस्टपासूनचा महिना असा होता. आत येणारे: वहिनींचे ७,००० आणि शिफ्टचे ९,१००, एकूण १६,१००. जाणारे: भाडं, वाणसामान, रिक्षाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता, क्लास, वीजबिल, तपासणीचा खर्च आणि गटाचं व्याज मिळून २३,१५०. महिन्याला ७,०५० कमी पडत होते, तीन महिन्यांचे २१,१५०. उरलेल्या साडेआठ हजारांनी त्यातली काही तूट भरली. गणपतीत वहिनींनी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, खर्च जाऊन २,६५० सुटले. आणि कानातले बँकेत ठेवून १० हजारांचं सोनेतारण घेतलं. गटाने सगळं निभावलं असं मी म्हणणार नाही; गट, सोनं, मोदक आणि मित्र या चौघांनी मिळून निभावलं. गावाला त्या वर्षी कोणी गेलं नाही.

वस्तीत व्याजाने पैसे देणारे आहेतच. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, तरी दहा टक्के महिना हा भाव वस्तीतल्या सगळ्यांना पाठ आहे. वहिनींनी गटातून निधीचे दहा आणि कर्जाचे पंचवीस, असे ३५ हजार घेतले. तेच तिथून घेतले असते तर महिन्याला ३,५०० नुसतं व्याज झालं असतं, मुद्दल जिथल्या तिथे. गटाकडून त्याच ३५ हजारांवर व्याज पडलं ५००. तूट दहा हजारांच्या पुढे गेली असती, आणि विकायला घरात एकच मोठी वस्तू होती, ती म्हणजे रिक्षा. ती गेली असती तर पाय बरा झाल्यावरही हा माणूस दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवत राहिला असता.

व्याजाचा हा फरक मोठा आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिल्या रात्री पैसे हातात आले आणि पुढचे तीन-चार महिने मुद्दल थांबलं, या दोन गोष्टींनी घर वाचलं. मायक्रोफायनान्सच्या हप्त्याची तारीख एकदाही हलली नाही, तो दर महिन्याला जसाच्या तसा भरावा लागला. गटाला तारीख हलवता आली, कारण ठराव करणाऱ्या बायकांनी तो पाय प्लास्टरमध्ये बघितला होता. कर्ज स्वस्त करण्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. अडचणीत हप्ता थांबवता येईल का, यावर फार कमी. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणीचा, म्हणजे गटांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याचा, प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटांचं यश मोजताना परतफेड किती वेळेवर झाली हे आवर्जून पाहिलं जातं. वहिनींनी तीन महिने मुद्दल भरलं नाही. गटाच्या संमतीने थांबवलेली ती रक्कम थकबाकी म्हणून मोजली जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता या प्रकरणातली दुखरी बाजू. ऑगस्टच्या शेवटी गटातल्या दुसऱ्या एका बाईंच्या मुलाला डेंग्यू झाला. निधीत तेव्हा ३,१६० होते. तीन हजार दिले. आणखी नऊ हजार लागले, गटाच्या खात्यात गणपतीमुळे काही नव्हतं, आणि त्या बाई व्याजाने पैसे देणाऱ्याकडे गेल्या. मुलगा बरा झाला. त्या नऊ हजारांचं व्याज त्या डिसेंबरपर्यंत भरत होत्या, शेवटी गटाने सामान्य कर्ज देऊन त्यांना तिथून सोडवलं. जुलैच्या बैठकीत आवाज चढवणाऱ्या बाई याच. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते त्यांच्याच घरावर खरं ठरलं, याचं वाईट वाटतं.

सप्टेंबरच्या बैठकीत नियम बदलले. निधीची वर्गणी २० ची ५० झाली. एका घराला एका वेळी निधीतल्या शिलकेच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही, आणि वरची मर्यादा १० हजारच. आणखी लागले तर सामान्य कर्जातून, आणि त्यासाठी जून ते सप्टेंबर दर महिन्याच्या वसुलीतले ५ हजार कर्जाला न देता खात्यावर ठेवायचे. या शेवटच्या नियमावर सगळ्यांत जास्त वाद झाला, कारण त्याचा अर्थ गणपतीच्या तोंडावर एखादीचं कर्ज मागे पडणार. तो फक्त एका मताने संमत झाला. रोख रक्कम आता दोन घरांत ठेवतात, खजिनदार गावाला गेल्या तर अडायला नको म्हणून.

वहिनींचा नवरा दिवाळीनंतर अर्धा दिवस रिक्षा चालवू लागला, जानेवारीपासून पूर्ण वेळ. त्याच जानेवारीत मायक्रोफायनान्सचं कर्ज संपलं आणि घराला थोडा श्वास मिळाला. निधीचे १० हजार डिसेंबर ते एप्रिल दोन-दोन हजारांनी परत झाले. गटाचं ४० हजारांचं कर्ज नोव्हेंबरपासून दरमहा अडीच हजार मुद्दलाने २०२५ च्या जूनमध्ये अर्ध्यावर आलं. मुलगी दहावी पास झाली. डेंग्यूवाल्या बाईंनीही आपले तीन हजार फेडले, आणि २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी निधीत २०,१६० रुपये होते.

एक प्रश्न गटाने अजून सोडवलेला नाही. ज्या बाईची बचत वरचेवर थकते, तिला निधीतून पैसे द्यायचे का? मावशी म्हणतात द्यायचे, कारण जिची बचत थकते तिचंच घर आधी कोलमडतं. खजिनदार म्हणतात, मग बाकीच्या तरी वेळेवर कशाला भरतील. १० तारखेला तो विषय पुन्हा वहीत आहे.